सर्वसमावेशक शिक्षण आणि त्याचा सामाजिक परिणाम : एका वर्गातील सहवासाचा विचार

प्रस्तावना :

'सर्वसमावेशक शिक्षण' ही संज्ञा शिक्षणशास्त्राच्या लेखनात आता इतकी रुळली आहे की तिच्या अर्थाची फोड करण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. शासननिर्णयांत ती येते, बी.एड.च्या अभ्यासक्रमात तिच्यावर स्वतंत्र विषयपत्रिका आहे आणि चर्चासत्रांच्या विषयपत्रात तर ती हमखास असते. मात्र अशा शिक्षणाचा समाजावर नेमका काय परिणाम होतो, हा प्रश्न विचारला की उत्तर बहुधा अपेक्षांच्या भाषेत मिळते. समता वाढेल, बंधुभाव रुजेल, भेदभाव नाहीसा होईल, अशी ही सारी भविष्यकाळी क्रियापदे असतात. वेगवेगळ्या परिस्थितीतील मुले एका वर्गात बसल्यावर प्रत्यक्षात काय घडते, याचा पुरावा गोळा करणारे संशोधन तुलनेने थोडे आहे, आणि जे आहे ते आपल्या महाविद्यालयांतील चर्चेत अभावानेच येते. प्रस्तुत लेखात अशा निवडक संशोधनाचा परिचय करून देऊन त्याच्या आधारे महाराष्ट्रातील अलीकडच्या एका धोरणात्मक वादाचा विचार केला आहे.

वेगळी शाळा आणि सामाईक शाळा :

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली, हे सर्वज्ञात आहे. त्याच निवेदनातील दुसरा एक मुद्दा मात्र फारसा उद्धृत होत नाही. महार, मांग आदी जातींच्या मुलांना इतरांच्या शेजारी बसू दिले जात नसल्यामुळे ती शिक्षणाबाहेर राहतात, असे सांगून जेथे त्यांची संख्या मोठी आहे तेथे त्यांच्यासाठी स्वतंत्र शाळा असाव्यात, अशी सूचना फुले यांनी केली होती. त्यानंतर सुमारे चार दशकांनी, १९१९ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातील अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून ती मुले सर्वसामान्य शाळांत दाखल करण्याचा आदेश दिला. वरवर पाहता या दोन भूमिका परस्परविरोधी वाटतात. पण १८८२ मध्ये स्वतंत्र शाळा हे शिक्षणात पाऊल ठेवण्याचे एकमेव व्यवहार्य दार होते. पुढे १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाल्यावर तेच दार भिंत ठरू लागले. साधन तेच राहिले, परिस्थिती बदलली आणि साधनाचा अर्थही बदलला.

दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा प्रवासही असाच झालेला दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत मूकबधिरांसाठी आणि अमृतसरला अंधांसाठी शाळा निघाल्या, तेव्हा त्या मुलांना दुसरा कोणताही आसरा नव्हता. कोठारी आयोगाने (१९६४–६६) शक्य तेथे ही मुले सर्वसाधारण शाळेत शिकावीत असे सुचवले. १९७४ मध्ये केंद्र शासनाने दिव्यांग मुलांच्या एकात्म शिक्षणाची योजना सुरू केली. १९९४ च्या सालामांका घोषणापत्रानंतर 'एकात्म' या शब्दाची जागा 'समावेशक' या शब्दाने घेतली. हा केवळ शब्दबदल नव्हे. एकात्म शिक्षणात मुलाने शाळेशी जुळवून घ्यावे अशी अपेक्षा असते, तर समावेशक शिक्षणात शाळेने मुलासाठी बदलावे असे अभिप्रेत आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये समावेशक शिक्षणाची जी व्याख्या आहे, तीत मुलांनी एकत्र शिकणे आणि अध्यापनपद्धती त्यांच्या गरजांनुसार बदलणे या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात आल्या आहेत. व्यवहारात पहिल्या गोष्टीची नोंद हजेरीपटावर होते आणि दुसरीची कोठेच होत नाही.

संशोधनातील एक अडचण :

समावेशक शिक्षणावरील आपल्याकडील बहुतेक प्रबंध व शोधनिबंध दृष्टिकोन-मापनाच्या पद्धतीने लिहिले जातात. शिक्षकांना पंचबिंदू श्रेणीची प्रश्नावली दिली जाते, 'दिव्यांग विद्यार्थ्यांना सर्वसामान्य वर्गात शिकवले पाहिजे' अशा विधानांवर 'पूर्णतः सहमत' ते 'पूर्णतः असहमत' अशी उत्तरे घेतली जातात, टक्केवारी काढली जाते आणि शिक्षकांचा दृष्टिकोन सकारात्मक असल्याचा निष्कर्ष निघतो. अशा विधानाला 'असहमत' म्हणण्याचे धाडस कोणता शिक्षक करील? ही पद्धती टाकाऊ आहे असे नाही. पण ती मोजते ते लोकांचे बोलणे. सामाजिक परिणाम शोधायचा तर वागणे मोजावे लागते. त्यासाठी तुलनेला असा दुसरा गट हवा, जो इतर सर्व बाबतींत सारखा आहे पण ज्याला सहवास मिळालेला नाही. शाळेची निवड पालक करीत असल्याने असा गट मिळणे फार कठीण असते. उदार विचारांचे पालक आपल्या मुलांना संमिश्र शाळेत घालत असतील, तर त्या मुलांची उदारता शाळेमुळे आली की घरून, हे सांगता येत नाही.

दिल्लीतील अभ्यास :

ही अडचण ओलांडणारी एक संधी दिल्लीत अनपेक्षितपणे निर्माण झाली. शासनाकडून सवलतीच्या दराने जमीन मिळालेल्या तेथील अनेक नामांकित खाजगी शाळांना २००७ पासून २० टक्के जागा गरीब कुटुंबांतील मुलांसाठी विनाशुल्क राखून ठेवणे बंधनकारक झाले. हा नियम नव्याने प्रवेश घेणाऱ्या तुकड्यांना लागू होता. त्यामुळे एकाच शाळेत एका इयत्तेला गरीब वर्गमित्र लाभले, तर त्यांच्या पुढच्या इयत्तेतील मुलांना ते लाभले नाहीत. शिवाय ज्यांना हा नियम लागू नव्हता किंवा उशिरा लागू झाला, अशाही शाळा शहरात होत्या. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी नेमक्या या फरकाचा उपयोग करून १७ शाळांतील दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. तो २०१९ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

अभ्यासाची रीत समजून घेण्यासारखी आहे. मुलांना मते विचारण्याऐवजी निवड करावी लागेल असे प्रसंग उभे केले गेले. एका प्रयोगात मुलाला थोडी रक्कम देऊन ती अनोळखी मुलाबरोबर वाटून घ्यायची की स्वतःकडे ठेवायची, हे त्याच्यावर सोपवले होते. दुसरा प्रयोग रिले शर्यतीचा होता. संपन्न घरातील मुलांना आपल्या संघासाठी जोडीदार निवडायचा होता, आणि उमेदवारांत सरकारी शाळेतील गरीब मुलेही होती. कोण किती वेगाने धावतो हे आधी सर्वांसमक्ष दिसलेले असे. शर्यत जिंकल्यास बक्षीस होते, पण निवडलेल्या जोडीदाराबरोबर नंतर काही काळ खेळण्या-बोलण्यात घालवायचा, अशी अटही होती. अशा वेळी वेगवान पण गरीब मुलाला डावलून सावकाश धावणाऱ्या श्रीमंत मुलाची निवड करणे म्हणजे आपला पूर्वग्रह जपण्यासाठी बक्षिसावर पाणी सोडणे होय. बक्षिसाची रक्कम कमी-अधिक ठेवून या पूर्वग्रहाची किंमतच जणू मोजली गेली.

निष्कर्ष असे होते. ज्यांच्या वर्गात गरीब मुले होती, त्या संपन्न मुलांनी अधिक वाटून दिले. आणि हे वाटप समोरचा मुलगा श्रीमंत असतानाही वाढलेले दिसले. म्हणजे वाढली होती ती केवळ गरिबांविषयीची दया नसून समान वाटणीची सवय होती. शाळेतील सेवाभावी उपक्रमांत ही मुले अधिक संख्येने सहभागी झाली. रिलेच्या निवडीत गरीब मुलाला डावलण्याचे प्रमाण त्यांच्यात कमी होते. बक्षिसाची रक्कम मोठी झाली की डावलण्याचे प्रमाण सर्वच मुलांत घटत गेले, हा उपनिष्कर्षही लक्षणीय आहे. गरीब मुलांबरोबर खेळायला येण्याची तयारीही सहवास लाभलेल्या मुलांत अधिक आढळली.

पालकांची खरी चिंता अभ्यासाविषयी असते. हिंदी व गणित या विषयांत संपन्न मुलांच्या गुणांवर परिणाम आढळला नाही. इंग्रजीत मात्र किंचित घट दिसली. वर्गातील अपशब्दांचा वापर थोडासा वाढल्याचे शिक्षकांनी नोंदवले. ही दोन्ही निरीक्षणे संशोधकाने लपवून ठेवलेली नाहीत, आणि समावेशनाचा पुरस्कार करणाऱ्यांनीही ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. ज्यांच्या घरी इंग्रजी बोलली जात नाही अशी मुले वर्गात आल्यावर वर्गातील संभाषणाची भाषा थोडी बदलणार, हे स्वाभाविकच आहे.

या अभ्यासाचा सर्वांत उद्बोधक भाग वेगळाच आहे. काही शाळांत अभ्यासगट विद्यार्थ्यांच्या नावांच्या वर्णानुक्रमाने पाडले जात. त्यामुळे एखाद्या संपन्न मुलाच्या गटात गरीब मूल येणे हे निव्वळ नावाच्या आद्याक्षरावर अवलंबून राहिले. एकाच वर्गातील मुलांची अशी तुलना केली असता परिणामाचा मोठा भाग गटातील प्रत्यक्ष सहवासातून आलेला दिसला. समतेवरील व्याख्यानाने किंवा भिंतीवरील सुविचाराने जे साधले नसते, ते बाजूला बसून गणित सोडवण्याने काही अंशी साधले.

सहवासाच्या अटी :

मात्र कोणताही सहवास हितकर असतो, असा अर्थ यातून काढता येणार नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच गटागटांतील संपर्काने पूर्वग्रह कमी होण्यासाठी चार अटी सांगितल्या होत्या : संपर्कातील व्यक्तींचा समान दर्जा, सामाईक उद्दिष्ट, परस्परसहकार्य आणि संस्थेचा वा अधिकाऱ्यांचा पाठिंबा. पेटिग्रू व ट्रॉप यांनी २००६ मध्ये पाचशेहून अधिक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन संपर्काने पूर्वग्रह कमी होतो, आणि या अटी पाळल्या गेल्यास तो अधिक कमी होतो, असे दाखवले. भारतीय संदर्भात मॅथ्यू लोव यांचा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास येथे फार उपयोगी आहे. उत्तर प्रदेशातील ग्रामीण भागात त्यांनी वेगवेगळ्या जातींच्या तरुणांसाठी क्रिकेटचे सामने भरवले. संघ चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक रीतीने पाडले. काही तरुण संमिश्र जातींच्या संघात आले, तर काहींच्या वाट्याला दुसऱ्या जातीचे खेळाडू प्रतिस्पर्धी म्हणून आले. एकाच संघातून खेळलेल्यांमध्ये आंतरजातीय मैत्री वाढली आणि स्वजातीयांना झुकते माप देण्याची वृत्ती घटली. विरुद्ध संघांतून भेटलेल्यांच्या बाबतीत परिणाम प्रतिकूल दिशेचा होता. खेळ तोच, मैदान तेच. सहवासाची रचना तेवढी निराळी.

शाळेच्या संदर्भात याचा अर्थ गंभीर आहे. गुणानुक्रमे तुकड्या पाडणारी, पहिल्या बाकावर पहिला क्रमांक बसवणारी आणि प्रत्येक चाचणीनंतर क्रम जाहीर करणारी शाळा मुलांना रोज विरुद्ध संघांतच उभे करीत असते. तेथे पंचवीस टक्के मुले वेगळ्या वस्तीतून आली तर संपर्क होईल, पण तो क्रिकेटच्या दुसऱ्या प्रकारासारखा. शिक्षण हक्क कायद्याखालील केंद्राच्या नमुना नियमांत या मुलांना वेगळ्या वर्गात वा वेगळ्या वेळी बसवू नये असे स्पष्ट म्हटले आहे. परंतु सहलीचे पैसे, स्नेहसंमेलनाचा पोशाख, वाढदिवसाला वर्गात वाटायची भेटवस्तू यांविषयी नियम काय सांगणार? 'समान दर्जा' ही ऑलपोर्ट यांची पहिली अट बहुतेक वेळा अशाच किरकोळ वाटणाऱ्या जागी मोडते.

महाराष्ट्रातील वाद :

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १२(१)(ग) नुसार खाजगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशस्तरावरील किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्यावयाच्या असून त्यांची शुल्कप्रतिपूर्ती शासनाने करावयाची आहे. सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१२ रोजी ही तरतूद वैध ठरवली. अल्पसंख्याक संस्थांना मात्र २०१४ च्या निकालाने कायद्यातून सूट मिळाली.

महाराष्ट्र शासनाने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी नियमांत दुरुस्ती करून, ज्या खाजगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत शासकीय वा अनुदानित शाळा आहे, तिला या २५ टक्क्यांतून वगळले. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये या दुरुस्तीला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी ती रद्दबातल ठरवली. त्यानंतर ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या निकालात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. दुरुस्ती मूळ कायद्याशी विसंगत असल्याने टिकली नाही, हा झाला कायद्याचा भाग. शिक्षणाच्या अभ्यासकाला त्यामागील युक्तिवाद अधिक महत्त्वाचा वाटावा. जवळच शासकीय किंवा अनुदानित शाळा उपलब्ध असताना खाजगी शाळेत जागा घेऊन तिचे पैसे शासनाने का भरावेत, हा तो युक्तिवाद. तो अगदीच निराधार नाही. प्रतिपूर्तीची रक्कम वर्षानुवर्षे थकल्याची तक्रार शाळा करीत आल्या आहेत, आणि जिल्हा परिषद व नगरपालिकांच्या शाळांचा पट घसरत असल्याचे दुःखही खरे आहे.

पण हा युक्तिवाद २५ टक्क्यांकडे केवळ जागांचा पुरवठा म्हणून पाहतो. मुलाला बसायला कोठेतरी बाक मिळाला की उद्देश सफल झाला, असे त्यात गृहीत आहे. कायद्याची ही तरतूद बाकाविषयी असेल तर जवळच्या शाळेतील बाक पुरेसा आहे. ती शेजाराविषयी असेल, तर शहरातील जवळजवळ प्रत्येक खाजगी शाळेला वगळणारी दुरुस्ती तिच्या मुळावरच येते. कारण शहरात एक किलोमीटरच्या आत शासकीय वा अनुदानित शाळा नाही, अशी ठिकाणे विरळाच. दिल्लीतील अभ्यासाने मोजलेला परिणाम शेजाराचा होता. तो संपन्न मुलांवर झालेला परिणाम होता, आणि शासकीय शाळा कितीही उत्तम केली तरी तेथे नसलेल्या मुलांवर तो होणे शक्य नाही. शासकीय शाळा सुधारणे आणि खाजगी शाळा संमिश्र करणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत. एकाचा खर्च दुसऱ्याच्या खाती टाकून हिशेब जुळवता येत नाही.

येथेच या संशोधनाची मर्यादाही नोंदवली पाहिजे. दिल्लीच्या अभ्यासात मोजमाप झाले ते मुख्यतः श्रीमंत मुलांचे. त्यांची उदारता वाढली, ही समाधानाची बाब आहे. पण ती वाढवण्यासाठी ज्या मुलाने रोज परक्या वातावरणात स्वतःला सावरले, त्याला काय मिळाले आणि त्याने काय गमावले, याचे तितके काटेकोर संशोधन उपलब्ध नाही. गरीब मूल हे श्रीमंत मुलाच्या संस्काराचे साधन नव्हे. छत्तीसगडमधील आकडेवारीवर आधारित रोमेरो व सिंग यांच्या अभ्यासाने आणखी एक अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आणली. या राखीव जागांसाठी अर्ज करणाऱ्यांत तुलनेने बऱ्या स्थितीतील कुटुंबे अधिक असतात, आणि सोडतीत नंबर न लागलेल्या मुलांपैकीही बरीच मुले पैसे भरून खाजगी शाळेतच जातात. म्हणजे सर्वांत गरीब घरापर्यंत अर्जाची माहितीच पोचत नाही. ऑनलाइन अर्ज, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा या पायऱ्या ज्याला चढता येतात, तोच सोडतीच्या चिठ्ठीपर्यंत पोचतो.

दिव्यांग विद्यार्थी आणि भाषेचा प्रश्न :

दिव्यांग मुलांच्या बाबतीत 'एकाच वर्गात बसवणे' एवढ्यावर थांबण्याचा धोका अधिक आहे. कर्णबधिर मुलाचे उदाहरण घेता येईल. सांकेतिक भाषा कोणालाच येत नसलेल्या चाळीस मुलांच्या वर्गात ते मूल शरीराने समाविष्ट आणि संवादाने एकाकी असते. त्यामुळेच संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क कराराच्या चोविसाव्या अनुच्छेदात समावेशक शिक्षणाबरोबरच सांकेतिक भाषेच्या शिक्षणाचा व कर्णबधिर समाजाच्या भाषिक ओळखीचा स्वतंत्र उल्लेख आहे. भारताने हा करार २००७ मध्ये स्वीकारला. कर्णबधिरांच्या विशेष शाळांविषयी त्या समाजातूनच जी आस्था व्यक्त होते, तिला मागासलेपणा समजण्याची घाई करू नये. १८८२ च्या फुल्यांच्या सूचनेमागे जी व्यवहारदृष्टी होती, तिच्याशी या आस्थेचे नाते आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये रजनीशकुमार पांडे प्रकरणात दिव्यांग विद्यार्थी व विशेष शिक्षक यांचे प्रमाण प्राथमिक स्तरावर दहास एक आणि त्यापुढील स्तरांवर पंधरास एक असावे, असे निर्देश दिले. मार्च २०२५ मध्ये राज्यांनी त्यानुसार पदे अधिसूचित करावीत, असे पुन्हा बजावावे लागले. महाराष्ट्रात हे काम दीर्घकाळ कंत्राटी विशेष शिक्षकांच्या खांद्यावर राहिले. एका गटसाधन केंद्रातून अनेक शाळांना फिरती भेट देणारा शिक्षक एका मुलाला आठवड्यातून किती वेळ देऊ शकतो, हे सांगण्यास संशोधनाची गरज नाही. राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. हे योग्य दिशेचे पाऊल असले, तरी केंद्राखालील शाळांची संख्या पाहता फिरती भेट ही फिरती भेटच राहणार आहे. म्हणून वर्गशिक्षकाची तयारी निर्णायक ठरते. दोन वर्षांच्या बी.एड. अभ्यासक्रमात २०१५ पासून समावेशक शाळेवरील विषय आला खरा, पण शालेय अनुभवकार्यात छात्राध्यापकाने दिव्यांग विद्यार्थी असलेल्या वर्गावर पाठ घेतलाच पाहिजे असा आग्रह क्वचितच धरला जातो. परीक्षेत कायद्यांची वर्षे अचूक लिहिणारा छात्राध्यापक ब्रेलची पाटी पहिल्यांदा नोकरी लागल्यावर हातात घेतो.

महाविद्यालयांच्या दारात :

२५ टक्क्यांतील विद्यार्थ्यांचा विनाशुल्क हक्क आठवीच्या निकालाबरोबर संपतो. नववीपासून त्याच शाळेचे पूर्ण शुल्क भरायचे किंवा शाळा सोडायची, हा पर्याय पालकांपुढे येतो. आठ वर्षे ज्या मित्रांबरोबर काढली, त्यांच्यापासून वयाच्या चौदाव्या वर्षी फीच्या कारणाने तुटणे, याचा सामाजिक परिणाम कोणत्या श्रेणीवर मोजणार? जी मुले २०१२ च्या सुमारास पहिलीत दाखल झाली, ती २०२४ पासून बारावी होऊन पदवी वर्गांत येऊ लागली आहेत. त्यांपैकी कोण त्याच शाळेतून दहावी झाले, कोण मधेच दुसरीकडे गेले, त्यांचे तेव्हाचे वर्गमित्र आज त्यांच्या संपर्कात आहेत का, आणि त्या वर्गमित्रांच्या वागण्यात दिल्लीत दिसलेला बदल टिकून राहिला का, हे विचारता येण्याजोगी ही पहिलीच पिढी आहे. ती प्रथम वर्षाच्या वर्गांत समोर बसलेली आहे. प्रवेश अर्जात शाळेचे नाव असते. इयत्तानिहाय शाळांचा एक तक्ता भरून घेतला आणि विद्यार्थ्यांच्या संमतीने मुलाखती घेतल्या, तर एखाद्या तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयालाही हे काम करता येईल. त्यासाठी पंचबिंदू श्रेणीची गरज पडणार नाही.